पित्त दाखवलं का?

परीक्षानळी खिडकीच्या उजेडासमोर धरायची, काचेवर नखाने टिचकी मारायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि समोरच्या माणसाकडे न बघता विचारायचं, "पित्त दाखवलं का याला?" आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंची सकाळ अशी सुरू व्हायची. नळीत काय आहे, कुणी आणलंय, कशासाठी आणलंय, हे प्रश्न नंतर. पित्त दाखवलेलं नसेल तर नळी तशीच परत हातात यायची. "मग मला कशाला दाखवता? आधी त्याला दाखवा."

एका वाक्यावर अख्खी नोकरी काढणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. एखादा हेडमास्तर असतो, एखादा बँकेतला रोखपाल असतो. ते वाक्य ऐकून ऐकून आपण कंटाळतो, पाठीमागे त्याची नक्कल करतो, आणि ते माणूस गेल्यावर स्वतःच्या तोंडून तेच वाक्य निघालं की दचकतो. बाईंची नक्कल आम्ही सगळ्याच करायचो. सर्वांत चांगली मी करायचे.

आमची कंपनी पोटासाठी चांगल्या जंतूंच्या गोळ्या करायची. गोळ्या म्हणजे कॅप्सूल, पण घराघरात त्याला गोळीच म्हणतात. तापाची कडक औषधं घेऊन पोट बिघडलं की डॉक्टर हल्ली सर्रास देतात त्या. त्या काळी हे नवीन होतं आणि लोकांना पटवून द्यावं लागायचं. जंतू गिळायचे म्हटलं की चेहरे वाकडे व्हायचे. "अहो, दह्यात काय असतं?" असं विचारलं की थोडे सरळ व्हायचे.

पण दह्यातले बहुतेक जंतू आतड्यापर्यंत पोचत नाहीत. मध्ये पित्त असतं. पित्त म्हणजे पोटातला साबण. आपण खाल्लेलं तूप-तेल विरघळवायला ते यकृताकडून येतं, आणि जंतूचं आवरणही स्निग्धच असल्यामुळे त्यालाही विरघळवतं. बिचारे दारातच फुटून मरतात. आमचा जंतू मरत नव्हता. तेच आमचं भांडवल होतं आणि खोक्यावर तसं ठळक छापलेलं होतं: पित्तातही तग धरणारे. प्रत्येक बॅच बाहेर पडण्याआधी हे खरं आहे, अशी बाईंची सही लागायची.

मी यवतमाळहून आले तेव्हा कंपनी पुण्यात, कर्वे रस्त्यामागच्या एका बंगल्यात होती. पहिल्या दिवशी माझी नळी बाईंनी उजेडात धरली आणि तो प्रश्न विचारला. मी घाबरून म्हटलं, "दाखवतो ना, बाई. आता दाखवतोच."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "दाखवतो कोण? मला तर इथे मुलगी दिसतेय."

मला रडू आलं. आमच्याकडे बाया असंच बोलतात, हे सांगायचंही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना बाईंनी डब्यातून एक लहान डबी काढून माझ्यापुढे सरकवली. आत ठेचा होता. "तुमच्याकडे तिखट लागतं ना? खा. आणि रडायचं असेल तर आता रड, कारण सापडेल." चिडल्या की त्या अहो-जाहो करायच्या आणि लोभ असला की अगं-तुगं. आम्हाला त्यावरून दिवसाचं हवामान कळायचं.

बाईंची एक बाटली होती. आमच्या जंतूचं ते मूळ विरजण. दर आठवड्याला त्या स्वतः ताज्या दुधात त्यातलं थोडं लावायच्या. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. लावताना तपकिरी बरणीतली पित्ताची पूड चिमूटभर दुधात टाकायच्या. आम्ही त्या बाटलीला तालमीतली बाटली म्हणायचो. "रोज थोडं दिलं की अंगात भिनतं," त्या म्हणायच्या. "एकदम दिलं तर मरतात, अजिबात दिलं नाही तर माजतात." आमच्याशीही त्यांचं धोरण तेच होतं. रोजचा एक टोमणा ठरलेला असायचा.

जंतू हे शिकतो कसा, असं मी एकदा विचारलं. बाईंनी हातातलं काम ठेवलं, म्हणजे त्यांना प्रश्न आवडला होता. "शिकत नाही गं. त्याच्याकडे असतंच. पित्त बाहेर फेकणारे पंप असतात, पित्त तोडणारी कात्री असते, आवरणाला ठिगळ लावायची सोय असते. सगळ्यांची जनुकं पोटात घेऊनच जन्माला येतो तो. पण ती बंद असतात. आपल्या माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्या असतात ना, तशा. थोडं पित्त लागलं की त्याला कळतं, पाहुणे येणार. मग तो गाद्या खाली काढून ठेवतो. पाहुणे दारात आल्यावर शिडी शोधायला लागला तर काय उपयोग?"

पुढे बरंच शिकले, जनुकांवर जाडजूड पुस्तकं वाचली. पण पित्त म्हटलं की मला आजही शिडीच दिसते.

नव्वदचं दशक संपता संपता कंपनीने खराडीला मोठा कारखाना टाकला. तेव्हा तिथे बाजरीची शेतं होती. बघता बघता शेजारी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आमच्याकडे शिकायला येणारी मुलं सहा महिन्यांत तिकडे जायला लागली. एक जण सॉफ्टवेअर टेस्टिंगला गेला, तेव्हा बाई म्हणाल्या, "म्हणजे तपासणीच की. बरं आहे. तिथे सडल्याचा वास तरी येत नाही." तो हसला. बाई हसल्या नाहीत.

कारखान्यात पोटमाळ्याएवढ्या टाक्या आल्या. टाकीतला जंतू वेगळ्या गोठवलेल्या साठ्यातून वाढवायचे, भरपूर साखर, भरपूर पोषण, उबदार पाणी. एका टाकीतून मोठ्या टाकीत, तिथून आणखी मोठ्या टाकीत. मग वाळवून कॅप्सूल. बाई आमच्याबरोबर खराडीला आल्या. राहायला धायरीला होत्या, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून यायच्या आणि आल्या आल्या बसमधल्या गर्दीचा राग आमच्यावर काढायच्या. तालमीतली बाटली त्यांनी बंगल्यातून मांडीवर धरून आणली होती.

त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. उमेदीची वर्षं खडकवासल्यात गेली आणि निवृत्तीनंतरही पहिला प्रश्न धरणात पाणी किती हाच असायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. शांत माणूस. बाईंच्या घरी गेलं की बाई बोलायच्या आणि काका मान हलवायचे.

काकांचं पोट बिघडलं ते एका तापानंतर. ताप गेला, पोट सुधारेना. बाईंनी आपल्याच कंपनीच्या गोळ्या सुरू केल्या. रोज सकाळी चहाच्या आधी एक. आठवडे गेले, महिने गेले. काका वाळायला लागले. बाईंचं निदान पक्कं होतं. काका सकाळी फिरायला जायचे त्या रस्त्यावर मिसळीचं दुकान होतं.

"चोरून खातात," त्या आम्हाला डबा खाताना सांगायच्या. "गोळीने गुण यायलाच हवा. माझ्या सहीची गोळी आहे. येत नाही म्हणजे हे बाहेर काहीतरी खातायत."

मी एकदा धायरीला गेले होते तेव्हा हा वाद माझ्यासमोरच झाला.

"अगं, मी फक्त वास घेतला," काका म्हणाले.

"वासाने जुलाब होत नाहीत."

"नाही गं खाल्लं. खरंच."

"अहो, तेहेतीस वर्षं तुमच्याबरोबर काढलीत. तुमचा चेहरा मला वाचता येतो."

काका माझ्याकडे बघून कसनुसे हसले. मीही हसले. तेव्हा ते सगळं गमतीचं वाटत होतं.

मग एक दिवस बाई घरातली गोळ्यांची बाटली घेऊन प्रयोगशाळेत आल्या. चेहऱ्यावर खटला जिंकायला निघाल्याचा भाव. "आता यांना पुराव्यासकट दाखवते," म्हणाल्या. एक कॅप्सूल फोडली, पावडर पित्ताच्या पाण्यात टाकली, काही तास ठेवली आणि मग प्लेटवर पसरली. जगलेल्या जंतूंचे पांढरे ठिपके दोन दिवसांत उगवतात. ती ठिपक्यांनी भरलेली प्लेट डब्यात घालून त्या घरी नेणार होत्या आणि काकांच्या ताटाशेजारी ठेवणार होत्या.

प्लेट कोरी निघाली.

"बाटली फ्रिजवर ठेवली होती. उन्हाळ्यात तापली असेल," बाई म्हणाल्या. गोदामातून त्या आठवड्याची ताजी बाटली मागवली. ती प्लेटही जवळजवळ कोरी. पित्त न घालता तीच पावडर पसरली तर प्लेट भरगच्च भरली. म्हणजे जंतू जिवंत होते, धडधाकट होते, फक्त पित्तात गेले की मरत होते. शेवटी त्यांनी तालमीतल्या बाटलीतलं विरजण पित्तात टाकलं. ते मजेत जगलं.

त्या चार प्लेटा ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून बाई स्टुलावर बसून राहिल्या. मी चहा आणून ठेवला, तो गार झाला. मग त्यांनी मला विचारलं, "दर बॅचला पित्ताची चाचणी आपण कशावर करतो?"

मी म्हटलं, "तुमच्या बाटलीवर."

"का?"

"पहिल्यापासून तसंच आहे ना, बाई."

होतं खरं तसंच. बंगल्यात होतो तेव्हा बाईंच्या बाटलीतूनच चंबू भरायचे, त्याच पित्ताच्या दुधात जंतू वाढायचा आणि तोच वाळवून भरायचा. बाटली तपासली काय आणि माल तपासला काय, एकच होतं. कारखाना आला, टाक्या आल्या, साठा वेगळा झाला, दूध जाऊन साखर आली. बाकी सगळ्या चाचण्या टाकीतल्या मालावर व्हायला लागल्या. ही एक चाचणी मात्र सवयीने बाईंच्या बाटलीवरच राहिली, कारण पित्त हे बाईंचं खातं होतं आणि बाईंच्या खात्यात कुणी डोकं घालत नसे. त्या स्वतःसुद्धा.

"मी माझ्या घरच्या पोराची परीक्षा घेत होते," बाई म्हणाल्या, "आणि गल्लीतली सगळी पोरं पास झाली म्हणून सही करत होते."

खात्री करायला आम्ही दोन्ही जंतूंची जनुकं बघितली. जनुक आहे का, हा प्रश्न नव्हता. ते चालू आहे का, हे बघायचं होतं. तेव्हा आमच्याकडे ते बघायचं यंत्र नव्हतं. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत मी नमुने बर्फात घालून रिक्षाने नेले. पित्त बाहेर फेकणाऱ्या पंपाचं जनुक दोन्हीकडे होतं, अक्षरन् अक्षर तेच. बाईंच्या बाटलीत ते पहिल्यापासूनच जोरात चालू होतं. टाकीतल्या जंतूत ते गप्प होतं, आणि पित्तात टाकल्यावर जागं व्हायच्या आत जंतू मरत होता. गाद्या माळ्यावरच होत्या.

तिथल्या निकालाचा कागद घेऊन बाई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. प्लेटा धरायला मला बरोबर नेलं. साहेब म्हणजे आमचे मालक. वाईट माणूस नव्हे, दिवाळीला घरी बोलावून फराळ देणारा. पण एक मोठी कंपनी आम्हाला विकत घेणार होती आणि बोलणी शेवटच्या टप्प्यात होती.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "बाई, गोळ्यांनी कुणाला त्रास झालाय का?"

"नाही."

"मग?"

"गुणही आला नसेल."

"तशी एक तरी तक्रार आहे का आपल्याकडे?"

"साहेब, गुण आला नाही म्हणून माणूस कंपनीकडे तक्रार करत नाही," बाई म्हणाल्या. "तो बाहेर काय खाल्लं ते आठवत बसतो. आणि घरचे त्याला बोलत बसतात."

साहेबांना यातलं शेवटचं वाक्य कळलं नाही. मला कळलं. मी प्लेटांकडे बघत राहिले.

बाईंनी दोन गोष्टी मागितल्या. बाजारातला माल परत बोलवा, आणि शेवटच्या टाकीत थोडं पित्त घाला म्हणजे जंतू तयार होऊन बाहेर पडेल. दुसरी गोष्ट त्यांनी चंबूत करूनही दाखवली होती. फक्त त्यात उत्पादन कमी यायचं.

"हा सौदा होऊ दे, मग बघू," साहेब म्हणाले. मग जरा थांबून, मऊ आवाजात, "बाई, चूक तुमची होती, हे तुम्हीच सांगताय. हे बाहेर गेलं तर नाव कुणाचं जाईल?"

"माझं. म्हणून तर मीच आले ना सांगायला."

त्या दिवसापासून बाईंनी सही बंद केली. कंपनीचं काही अडलं नाही. नवा गुणवत्ता अधिकारी आला, तरुण, टाय लावणारा, त्याची सही सुरू झाली. बाईंना सल्लागार केलं. म्हणजे स्वागतकक्षाशेजारी एक टेबल दिलं, जिथे कुणी सल्ला विचारायला येत नसे. काही महिने त्या तिथे पाठ ताठ ठेवून बसल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या कुरिअरवाल्यांना टोमणे मारत. मग एक दिवस आल्या नाहीत. तालमीतली बाटली जाताना त्यांनी माझ्या हातात दिली होती आणि पित्ताच्या पुडीची बरणीही. मी दर आठवड्याला विरजण लावत राहिले. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

पण हे नंतरचं. साहेबांकडे गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई डबा उघडताना म्हणाल्या, "काल यांची माफी मागितली. लग्नानंतर पहिल्यांदा."

"काका काय म्हणाले?"

"म्हणाले, मग आता मिसळ खाऊ का?"

आम्ही दोघी हसलो. बाईंना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मिसळ नाही आणि गोळीचाही उपयोग नाही. मग हे वाळतायत कशाने?"

हा प्रश्न आम्ही कुणीच तोवर विचारला नव्हता. उत्तर हाताशी होतं ना, मिसळीचं.

तपासण्या झाल्या. आतड्यात गाठ निघाली. ती गोळ्यांमुळे झालेली नव्हती आणि जगातल्या कुठल्याही जंतूने ती थांबली नसती, हे मला माहीत आहे. बाईंना तर माझ्याहून चांगलं माहीत होतं. पण डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. ते थोडं कुठे गेलं, हेही बाईंना माहीत होतं. ते रोज सकाळी चहाच्या आधी एक एक करून गेलं होतं.

काका शस्त्रक्रियेनंतर घरी आले, एक पावसाळा काढला. धरण भरल्याची बातमी त्यांनी वाचली. दिवाळीच्या आधी गेले.

मी भेटायला गेले ते महिन्याभराने. तोवर कंपनी विकली गेली होती. नव्या मालकांनी शेवटच्या टाकीत पित्त घालायला सुरुवात केली, असं कानावर आलं होतं. ही सुधारणा त्यांच्याच लोकांनी शोधली म्हणे. खोक्यावरचे शब्द मधल्या काळातही बदलले नव्हते. हे बाईंना सांगावं की नाही या विचारात मी होते. सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चला. कुणीतरी दाखवलं एकदाचं," आणि ताक आणायला आत गेल्या.

"हे काही पित्तात टिकायचं नाही," पेला देताना म्हणाल्या. "पण चवीला बरं झालंय."

ताक खरंच छान होतं. मी तसं म्हटलं. बाई एकदम उठल्या, स्वयंपाकघरातल्या कपाटातून गोळ्यांची ती बाटली घेऊन आल्या. आमच्याच कंपनीची, खटला जिंकायला आणली होती तीच.

"त्या दिवशी फोडायला नेली तेव्हा ही गळ्यापर्यंत भरलेली होती," त्या म्हणाल्या. "परत आणून कपाटात ठेवली. यांना बजावलं, आता घ्यायच्या नाहीत, काही उपयोगाच्या नाहीत त्या. सगळं समजावून सांगितलं, पंप, जनुकं, सगळं. यांनी मान हलवली. परवा कपाट आवरायला काढलं."

बाटली रिकामी होती. झाकण घट्ट लावून जागच्या जागी ठेवलेली.

"रोज घेत होते," बाई म्हणाल्या. "मी अंघोळीला गेले की घेत असणार. मी आणल्या होत्या ना."

मी ताकाचा रिकामा पेला खाली ठेवला.

"चोरून खातात, चोरून खातात म्हणून मी वर्षभर बोलले गं त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि खाल्लं ते हे."

त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडासमोर धरली. चष्मा कपाळावर सरकवला. काचेवर नखाने टिचकी मारली. मी सवयीने प्रश्नाची वाट बघत राहिले. त्यांनी काहीच विचारलं नाही, बाटली तशीच धरून ठेवली, आणि बाहेर संध्याकाळ होईपर्यंत आम्ही दोघी तिच्यातून आरपार दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत बसलो.